आपला तो बाब्या आणि अमेरिकेची राज्यघटना



‘अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे जगातला सगळ्यात शक्तिमान माणूस’ हे वाक्य आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापलंय की ते आता फळ्यावरच्या सुविचारासारखं झालंय. रोज दिसतं, अर्थ कुणी विचारत नाही. ज्या कागदावर त्या अध्यक्षाचं पद उभं आहे तो कागद उघडून वाचला तर मात्र चित्र अगदी वेगळं दिसतं. १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेली ही राज्यघटना, मूळ मजकूर फक्त सात कलमांचा. पहिलं कलम काँग्रेसचं, म्हणजे त्यांच्या संसदेचं, आणि तेच सगळ्यात लांब. अध्यक्ष येतो दुसऱ्या कलमात आणि चार पोटकलमांत आटोपतो. न्यायालयं तिसऱ्यात.

आता वाटणी बघा. कर आणि आयातशुल्क बसवायचं काँग्रेसने. कर्ज काढायचं काँग्रेसने. परदेशाशी व्यापाराचे नियम, नाणी पाडणं, सैन्य उभारणं, युद्ध पुकारणं, परक्या माणसाला नागरिक करून घेण्याचे नियम, सगळं काँग्रेसकडे. कायद्याने मंजूर झाल्याशिवाय तिजोरीतून एक पैसा काढता येत नाही. अध्यक्षाकडे काय? तो सैन्याचा सरसेनापती. सिनेटच्या संमतीने नेमणुका आणि तह करायचे. गुन्हेगाराला माफी द्यायची. पसंत नसलेलं विधेयक परत पाठवायचं, पण दोन्ही सभागृहांनी ते दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं तर गप्प बसायचं. आणि कायद्यांची अंमलबजावणी इमानाने होते आहे ना, हे पाहायचं. बस्स.

काँग्रेसलाही मोकळं सोडलेलं नाही बरं का. एखाद्या माणसाचं नाव घालून कायद्यानेच त्याला शिक्षा ठोठावता येत नाही. काल जे गुन्हा नव्हतं ते आज मागच्या तारखेने गुन्हा ठरवता येत नाही. न्यायाधीशाचा निकाल आवडला नाही म्हणून त्याचा पगार कमी करता येत नाही. मी पस्तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. हे सगळं फळ्यावर तीन चौकोन काढून पंधरा मिनिटांत सांगता येतं आणि मुलांना परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळतात.

मग एवढा बांधलेला अध्यक्ष इतका मोठा झाला कसा? ‘त्याने सत्ता बळकावली’ हे सोपं उत्तर. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा ती त्याला देण्यात आली. देणारी काँग्रेस होती, आणि तिला शाबासकी देणारे मतदार होते. आणि ज्या ज्या वेळी मर्यादा टिकल्या, त्या त्या वेळी आपल्याच माणसाला ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी तिथे उभं होतं. आज एवढंच सांगायचंय.

पण हा उपद्व्याप सत्तरी ओलांडलेल्या मराठी बाईने कशाला करावा? कारण आमच्या घरातली पाच-सहा माणसं आज त्या देशात आहेत. कुणी नागरिक झालंय, कुणी ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. एडिसनला राहणारा माझा भाचा फोनवर म्हणतो, ‘‘मावशी, काँग्रेस नुसती भांडत बसते गं. कुणीतरी एकाने टेबलावर हात आपटून निर्णय घ्यायला नको का?’’ त्याने रांगेत अकरा वर्षं काढली आहेत. त्याचा वैताग खोटा नाही. म्हणून त्याला उत्तर नीट द्यायला हवं.

सुरुवात आपल्याच वंशाच्या एका माणसापासून करते. जगदीश राय चढ्ढा. केनियात भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्म, हातात ब्रिटिश पासपोर्ट. १९६६ साली विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले. १९७२ ला व्हिसाची मुदत संपली. जायचं कुठे हा प्रश्नच होता. कायद्यात अशी सोय होती की हद्दपारीने माणसाची फारच ओढाताण होणार असेल तर ती थांबवावी. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने ती थांबवली आणि राहायला परवानगी दिली.

पण त्याच कायद्यात काँग्रेसने एक दोरी आपल्या हातात ठेवली होती. दोनपैकी कुठल्याही एका सभागृहाने नुसता ठराव केला की अशी परवानगी रद्द! डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने ३४० प्रकरणांतून सहा नावं निवडली. त्यांत चढ्ढांचं नाव होतं. ठराव छापला नव्हता, सदस्यांच्या हातात दिला नव्हता, चर्चा झाली नाही, मतं मोजली नाहीत. झाला मंजूर. सिनेटला विचारलं नाही, अध्यक्षाला विचारलं नाही. एका माणसाचं आयुष्य न वाचलेल्या कागदावर उलटं करून टाकलं.

चढ्ढा लढले. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: काँग्रेसला कुणाचे हक्क बदलायचे असतील तर तिने कायदा करावा, दोन्ही सभागृहांतून, अध्यक्षापुढे ठेवून. आधी अंमलबजावणीचा अधिकार सरकारला द्यायचा आणि मग एकट्या सभागृहाने मधेच दोरी ओढायची, हे घटनेत बसत नाही. अशा प्रकारच्या दोऱ्या त्या वेळी जवळजवळ २०० कायद्यांत होत्या. एका निकालात सगळ्या तुटल्या.

चढ्ढांना न्याय मिळाला आणि तो योग्यच होता. काँग्रेसच्या मर्यादेचं यापेक्षा चांगलं उदाहरण मी वर्गात दिलं नसतं. पण पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे.

१९७६ साली काँग्रेसने राष्ट्रीय आणीबाणीचा कायदा केला होता. अध्यक्षाने आणीबाणी जाहीर केली की निरनिराळ्या कायद्यांतले खास अधिकार त्याला मिळतात. मात्र दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपणार होती, अध्यक्षाची सही लागणार नव्हती. चढ्ढा निकालानंतर ही दोरीही गेली. १९८५ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. आता ठरावावर अध्यक्षाचीच सही हवी. तो नाही म्हणाला तर दोन तृतीयांश मतं हवीत. हिशोब मांडून पाहा. अधिकार देताना साधं बहुमत पुरलं. परत घ्यायचा तर दोन तृतीयांश!

अशा वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? दोरी तुटली, तर दिलेली वस्तूच परत मागितली असती. काँग्रेसने ती मागितली नाही. वस्तू तिकडेच राहिली.

२०१९ मध्ये याचा प्रत्यय आला. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी अध्यक्ष ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले. त्यावरून ३५ दिवस सरकारी कामकाजाचा मोठा भाग बंद पडला. शेवटी काँग्रेसने दिले १.३७५ अब्ज. घटनेप्रमाणे विषय इथे संपायला हवा होता, कारण तिजोरीची किल्ली काँग्रेसची. पण १५ फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्या कामांसाठीचा पैसा भिंतीकडे वळवायचं ठरलं. ती रद्द करण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. सिनेटमध्ये अध्यक्षांच्या पक्षाच्या बारा जणांनी विरोधात मत दिलं. अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहात पुन्हा मतदान झालं, २४८ विरुद्ध १८१. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हतं. आणीबाणी कायम!

२०२५ मध्ये तोच प्रकार आयातशुल्काचा. आधार १९७७ च्या आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याचा. त्या कायद्यात आयातशुल्क हा शब्दसुद्धा नाही. तरी जगभरच्या मालावर शुल्क बसलं आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बऱ्याच मालावर ते ५० टक्क्यांवर गेलं. त्यांच्या घटनेच्या पहिल्या कलमातला हा अगदी पहिलाच अधिकार, कर बसवण्याचा! काँग्रेसने काय केलं? मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने एक नियम मंजूर केला. कॅनडा आणि मेक्सिकोच्या शुल्कामागच्या आणीबाणीवर ठराव आला की समितीने पंधरा दिवसांत तो पुढे पाठवला पाहिजे, असं कायदा सांगतो. नियमाने ठरवलं की त्या कायद्यापुरता, सत्रातला उरलेला एकही दिवस ‘दिवस’ म्हणून मोजायचा नाही! माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने गृहपाठ टाळायला असली युक्ती काढली असती तर मी त्याच्या हुशारीला दाद देऊन वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे हे लोक स्वतःचाच अधिकार वापरावा लागू नये म्हणून कॅलेंडर थांबवत होते.

शेवटी २० फेब्रुवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की त्या कायद्याने अध्यक्षाला आयातशुल्क बसवता येत नाही. त्या सहांमध्ये दोन न्यायमूर्ती ट्रम्प यांनीच नेमलेले होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अध्यक्षांनी लगेच १९७४ च्या व्यापार कायद्यातलं दुसरं कलम काढलं. पण त्या कलमात १५ टक्क्यांची आणि १५० दिवसांची मर्यादा लिहिलेली आहे. अधिकार देताना मर्यादा घालता येते, काँग्रेसला ते जमतं, हे या एका कलमावरून कळतं.

युद्धाचीही तीच गोष्ट. काँग्रेसने रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, एवढी माणसं मेली, पण घटनेत लिहिलंय तसं युद्ध एकदाही पुकारलं गेलं नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताच्या ठरावाने अध्यक्ष जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये हवं ते करण्याची मोकळीक मिळाली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य! सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. ते दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग, जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. १९६८ मध्ये दोघांनाही आपली जागा गमवावी लागली.

हात पोळल्यावर १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार मोडून युद्धाधिकारांचा कायदा केला. परवानगीशिवाय सुरू केलेली लढाई साधारण ६० दिवसांत थांबवायची. चांगला कायदा. पण २०११ मध्ये लिबियात बॉम्बफेक चालू असताना ६० दिवस उलटले तेव्हा ओबामा सरकारने सांगितलं की ही कायद्याच्या अर्थाने लढाई नव्हेच! आणि २००१ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी, अध्यक्षाला बळ वापरण्याची परवानगी देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध एक मताने मंजूर झाला. ते एक मत बार्बरा ली या बाईंचं. त्यांना धमक्या आल्या, संरक्षण घ्यावं लागलं. त्या परवानगीचा उपयोग पुढे वीस वर्षं वेगवेगळ्या पक्षांच्या अध्यक्षांनी वेगवेगळ्या देशांत केला.

काँग्रेस असं का करते? माझ्या मते कारण फार साधं आहे. अधिकाराबरोबर जबाबदारी येते. युद्धाच्या बाजूने मत दिलं आणि युद्ध हरलं तर पुढच्या निवडणुकीत जाब द्यावा लागतो. विरोधात मत दिलं आणि जिंकलं तरी पंचाईत. त्यापेक्षा अध्यक्षाला करू द्यावं. यश आलं तर टाळ्या वाजवायच्या, अपयश आलं तर टीव्हीवर जाऊन नाराजी व्यक्त करायची. शाळेच्या संचालक मंडळांत ही जात मी भरपूर पाहिली आहे. ‘मुख्याध्यापकांनी योग्य तो निर्णय घ्यावा’ असा ठराव करून मंडळी चहा प्यायला मोकळी.

आता मर्यादा कधी टिकल्या ते सांगते.

१९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. सिनेटच्या ९६ जागांपैकी सत्तराहून अधिक त्यांच्या पक्षाकडे. सर्वोच्च न्यायालय त्यांचे कायदे रद्द करत होतं म्हणून १९३७ मध्ये त्यांनी आणखी सहापर्यंत न्यायाधीश नेमण्याची योजना आणली. न्यायाधीशांची संख्या कायद्याने ठरते, घटनेने नाही, त्यामुळे कागदावर काहीच अडत नव्हतं. अडवलं कुणी? त्यांच्याच पक्षाच्या सिनेटरांनी. जुलैमध्ये सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी ते विधेयक समितीकडे परत पाठवलं आणि ते तिथेच मेलं.

१९५२. कोरियात लढाई चालू. पोलाद कामगारांचा संप येऊ घातलेला. अध्यक्ष ट्रूमन यांनी ८ एप्रिलला आदेश काढून पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. सैनिकांना तोफा-गोळे हवेत, याहून मोठी निकड काय असणार? पण काँग्रेसने असा अधिकार दिलेला नव्हता. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश रद्द केला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रूमन यांनीच नेमलेले होते! ट्रूमन चिडले, पण कारखाने परत दिले. संप झाला, सुमारे पन्नास दिवस चालला. मर्यादा फुकट मिळत नाही, तिची किंमत पडते, हेही यातून शिकायचं.

१९७४. निक्सन यांनी ध्वनिफिती द्यायला नकार दिला. २४ जुलैला न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, द्या. त्या आठांत तिघे निक्सन यांनी नेमलेले, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर त्यांतलेच. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर आणि पक्षाचे दोन्ही सभागृहांतले नेते व्हाइट हाउसमध्ये गेले आणि महाभियोगात तुम्हाला वाचवण्याइतकी मतं नाहीत हे तोंडावर सांगून आले. ९ ऑगस्टला निक्सन गेले.

या तिन्ही गोष्टींत विरोधी पक्ष होताच. तो सगळीकडे असतो, त्याचं कामच ते. पण निर्णायक ठरलं ते घरच्या माणसाचं ‘नाही’. आपल्यात म्हण आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांना ही म्हण माहीत नव्हती, पण स्वभाव माहीत होता. त्यांची अपेक्षा अशी की काँग्रेसमधला माणूस आपल्या खुर्चीच्या अधिकाराला जपेल, म्हणजे अध्यक्ष आपोआप आवरला जाईल. पुढे पक्ष आले, आणि खुर्चीपेक्षा पक्ष जवळचा झाला. त्यामुळे आज तिथे एकाच पक्षाचे अध्यक्ष आणि काँग्रेस असले की कागदावरचे तीन चौकोन एकात मिसळून जातात.

आता पुन्हा भाच्याकडे येते, आणि डॅलसला असलेल्या पुतणीकडेही. तिचं मत भाच्याच्या अगदी उलट. तिला ट्रम्प यांचं काही म्हणजे काही पटत नाही. पण २०१५ मध्ये काय झालं होतं आठवा. एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांना, म्हणजे एच-४ व्हिसावर घरी बसलेल्या शिकल्यासवरलेल्या हजारो बायकांना, काम करण्याची परवानगी ओबामा सरकारने दिली. काँग्रेसच्या नव्या कायद्याने नव्हे, खात्याच्या नियमाने. पुतणीने नोकरी धरली, आम्ही इथे पेढे वाटले. निर्णय चांगलाच होता. त्या दिवशी कुणीही विचारलं नाही की हे कुणाच्या सहीने झालंय आणि कुणाच्या सहीने जाऊ शकेल. २०२३ मध्ये बायडन सरकारची विद्यार्थी कर्जमाफी न्यायालयाने रद्द केली तेव्हा ‘न्यायालय निर्दय आहे’ असं तिने लिहिलं होतं. मुद्दा निर्दयतेचा नव्हता. सुमारे ४०० अब्ज डॉलर काँग्रेसने दिलेत का, हा होता.

आणि १९ सप्टेंबर २०२५. एका घोषणेने एच-१बी च्या अर्जावर एक लाख डॉलर लागले. शुक्रवारी सही आणि रविवारपासून अंमल! भारतात सुट्टीवर आलेल्या पोरांची काय धावाधाव झाली ती आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली. हे फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. घोषणेला आधार कसला? परक्यांचा प्रवेश देशाला घातक वाटला तर अध्यक्षाने तो रोखावा, या १९५२ च्या कायद्यातल्या कलमाचा. तेही काँग्रेसनेच लिहून दिलेलं. भाचा त्या आठवड्यात जरा गप्प होता. पेनाने आलेलं पेनाने जातं, पोरांनो. चांगलं असो की वाईट.

नागरिकत्वाचंही तसंच. २० जानेवारी २०२५ ला आदेश निघाला की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईच्या पोटी तिथे जन्मलेलं मूल, वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील तर, जन्माने नागरिक मानायचं नाही. १८६८ ची चौदावी दुरुस्ती आणि १८९८ चा वाँग किम आर्क निकाल यांच्या विरोधात ही एक सही! तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी तिला तात्पुरती स्थगिती दिली. त्या न्यायाधीशांना नेमलं होतं रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांनी. पुन्हा घरचाच माणूस. त्या आठवड्यात आमच्या घरात एक बाळंतपण जवळ आलं होतं. घटनेतली मर्यादा म्हणजे काय हे मला तेव्हा पुस्तकाबाहेर दिसलं.

आता भाच्याचा प्रश्न. काँग्रेस काहीच करत नसेल तर माणसाने वाट किती बघायची? खरं आहे. दर देशाला सात टक्के ही ग्रीन कार्डाची अट १९९० च्या कायद्यातली. २०१९ मध्ये ती काढण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने स्वतःचा वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मुदत संपली आणि सगळं पाण्यात. माझा भाचा त्या दिवशी जेवला नव्हता असं त्याच्या बायकोने सांगितलं. त्याला घटनेचे गोडवे ऐकवणं मला शोभणार नाही.

तरीही मी म्हणते, वाट कायद्याचीच धरावी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. २३ वर्षं गेली. १९४६ मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि दार उघडलं. फार उशीर झाला, पण ते दार नंतरच्या कुठल्याही अध्यक्षाला एका सहीने बंद करता आलेलं नाही. माझा भाचा आज नागरिक आहे तो त्या आणि त्यानंतरच्या कायद्यांच्या जोरावर. कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

याच कोलंबिया विद्यापीठाच्या देशात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत अमेरिकेची आणि आपली तुलना केली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, आपल्या संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. आपल्याकडे सरकारला रोज प्रश्न विचारून जाब घेता येतो आणि निवडणुकीत तर घेता येतोच. अमेरिकेत हा रोजचा जाब नाही. त्याच भाषणात त्यांनी असंही बजावलं की घटनेची नीतिमत्ता माणसाला उपजत नसते, ती रुजवावी लागते. आपण ती किती रुजवली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लिहिला तर आणखी नातेवाईक रागावतील. पण अमेरिकेपुरतं बोलायचं तर, जिथे रोजचा जाब नाही तिथे काँग्रेस झोपली की मधल्या चार वर्षांत विचारणारं न्यायालयाशिवाय कुणी उरत नाही. आणि न्यायालयाकडे सैन्य नाही की तिजोरी नाही. ते फक्त निकाल लिहितं.

म्हणून तिथे मतदानाचा हक्क असलेल्या आमच्या मंडळींना माझं सांगणं. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी असते. तुमच्या मतदारसंघातल्या, तुमच्याच पक्षाच्या उमेदवाराला एक प्रश्न विचारा: आपल्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध तू शेवटचं मत कधी दिलंस आणि कशावर? त्याला एकही उदाहरण आठवलं नाही तर तो पहिल्या कलमातली नोकरी मागतोय आणि काम दुसऱ्या कलमाचं करणार आहे, हे समजून जा. दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही, तो भाच्याने पुतणीसाठी किंवा पुतणीने भाच्यासाठी विचारायचा नाही. ज्याने त्याने आपल्या बाब्याला विचारायचा.

भाच्याला हा लेख पाठवते आहे. तो वाचेल आणि मग रविवारी फोन करून माझ्याशी भांडेल. पुतणीचाही येईल. दोघांनी एकाच दिवशी केला तर बरं, म्हणजे मला दोनदा सांगावं लागणार नाही.

असो. लांबलं जरा. पुन्हा भेटू.